भागाच्या हातचे रानडुक्कर, आणि गणपत पंचाने द्यावयाचे उत्तर

तारखा आधी लिहून घ्या, मास्तर, कारण तारखा राहिल्या की लोक आपल्या सोयीने गोष्ट पुढे-मागे सरकवतात, हे मी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली उभा जन्म बसून पाहिले आहे. पहिली तारीख होळी पौर्णिमेची. त्या सकाळी मी सावनेरला रानडुकराचे मांस विकत घेतले. दुसरी धुळवडीची, त्या दुपारी आमच्या गल्लीतील विणकर मंडळी माझ्या अंगणात पंगतीला बसली, जेवली, मागून घेऊन जेवली, आणि हात धुऊन घरी गेली. तिसरी रंगपंचमीची, त्या दिवशी पंचांनी मला, माझ्या बायकोला आणि माझ्या चुलीला जातीबाहेर केले. तिन्ही तारखा एकाच फाल्गुनातल्या. त्या फाल्गुनात जन्मलेली मुले आता मागावर बसतात, त्यांची लग्ने ठरू लागली आहेत, आणि मी अजून उत्तराची वाट पाहतो आहे.

जबाबदार माणसे तीन. पहिला गणपत, आमच्या जातीचा पंच, माझ्या घरापासून चौथे घर. दुसरे उमरेडचे एक पाहुणे, त्यांचे नाव मी घेत नाही, कारण ते आता हयात नाहीत आणि मयतावर नोटीस बजावता येत नाही. तिसऱ्याचे नाव शेवटी सांगेन. मुद्दाम दडवून ठेवतो आहे असे समजू नका, ते नाव तोंडातून निघायला मला वेळ लागतो.

माझे डोळे मंद झाले आहेत, हात कापतो, म्हणून तुम्हांला त्रास. एरवी मी दुसऱ्याच्या हातून लिहवून घेणारा माणूस नव्हे. माझा जन्म गांधीबागेच्या मागच्या गल्लीतला, विणकराच्या घरातला. बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे तो दिवे लागेपर्यंत उठत नसे, आणि आमच्या घरात धोट्याचा आवाज थांबला की माय विचारी, काय झालं, कोन आलं? मी मराठी चौथी झालो, अक्षर वळणदार, म्हणून बापाने मला एका कापड-व्यापाऱ्याकडे पत्रे लिहायला ठेवले, आणि तेथून पुढे मी कचेरीबाहेर पेटी मांडून अर्जनवीस झालो. कोणाच्या हद्दीचा तंटा, कोणाचा नवरा परागंदा, कोणाच्या पोराला पोलिसाने विनाकारण धरलेले, सगळ्यांचे मी ऐकले आणि सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, की बाबा, अस्सल कागद हातचा सोडू नको. नक्कल दे, अस्सल जवळ ठेव. हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन काय सांगू तुम्हांला. पुढे याच वाक्याने माझे तोंड काळे केले, म्हणून आता सांगून ठेवतो.

त्याच पेटीवर गणपतची विधवा भावजय आली होती. नवऱ्याच्या वाट्याची खोली गणपतने मागासाठी अडवली होती आणि तिला ओसरीवर झोपावे लागे. मी अर्ज लिहिला, साहेबापुढे गेला, खोली तिला मिळाली. मी एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. गणपत त्यानंतर रस्त्यात भेटला की राम राम करी, पण थांबत नसे. मला वाटले, गेले, विसरला.

आता मांसाचे सांगतो, कारण तुम्ही दुसऱ्या जातीचे, तुम्हांला आमच्यातला फरक ठाऊक नसेल. आमच्या विणकरांत रानडुक्कर चालते, गावडुक्कर चालत नाही. रानातले डुक्कर कंद खाते, ज्वारीचे कणीस खाते, ते शिकारीचे मांस. गावातले गल्लीत हिंडते, म्हणून त्याला शिवायचे नाही. दोन्ही डुकरेच. मात्र एक खाल्ले तर मिशीला पीळ आणि दुसरे खाल्ले तर दंड. हा कायदा कोणी केला, कोठल्या कलमात आहे, हे मी पुष्कळदा विचारले आहे. पण त्या फाल्गुनात विचारत नव्हतो. त्या फाल्गुनात मीही तोच कायदा मानत होतो, हे लिहा.

झाले असे की आमच्या गल्लीतली तरणी पोरे मागावरून उठून गिरणीत जाऊ लागली होती, आणि गिरणीतून सुटल्यावर कामठीच्या वाटेला जाऊन चोरून गावडुकराचे मटण खाऊन येत. घरी आले की आया वास घेत, रडारड होई, गणपत पंच दंड लावी. त्या वर्षी गल्लीच्या धुळवडीची पंगत देण्याची पाळी माझी होती. मी भागाला म्हणालो, भागा म्हणजे माझी बायको, भागीरथी, म्हणालो की अगं, या पोरांना हवे आहे ना, तर आपण त्यांना उजळ माथ्याने खाऊ घालू, सावनेरहून रानडुक्कर आणतो, मग कामठीला कोण जाईल? ती म्हणाली, आना, पन चांगलं पाहून आना, जून नर नका आनू, त्याले लई वास मारते.

भागाविषयी सांगितले पाहिजे. आमच्या जातीत लग्न निघाले की हळदीआधी भागाला बोलावणे येई. मसाला भाजायला तिच्याशिवाय कोणी बसत नसे. ती चुलीपासून हातभर दूर बसून केवळ वासावरून सांगे, की काढ वं बाई, खोबरं काढ, आता जळन. मी कचेरीत बापू होतो, पण जातीत भागाचा नवरा होतो, आणि मला त्याचा अभिमान होता.

होळीच्या सकाळी मी इतवारीहून छोट्या गाडीने सावनेरला गेलो. तेथे दौलत नावाचा एक शेतकरी माझा जुना अशील. रानडुकरांनी त्याच्या ज्वारीचा सत्यानाश केला होता, म्हणून गावाने कुत्री आणि भाले घेऊन हाका काढला आणि एक मादी पाडली होती. मुंडके आणि सुळे असतात ज्याच्या भाल्याला पहिले रक्त लागते त्याचे. बाकी वाटे पडतात आणि उरलेले विकतात. मी मागची फरी आणि बरगडीचा भाग घेतला. दौलतने पळसाच्या पानांत बांधून टोपलीत घातले, आणि वर हातभर कातडे ठेवले, पाठीचे, काळ्याभोर राठ केसांसकट. म्हणाला, बापू, हे वर राहू द्या गा, गल्लीत दाखवाले कामी येते. नाही तं लोक म्हनतीन गावचं आनलं. मी विचारले, अशी रीत आहे काय? तो हसला. म्हणाला, तुमच्या कचेरीत ठसा मारते न कागदावर, हा आमचा ठसा. गावच्या डुकराले असे केस येतच नाहीत.

मी ती टोपली मांडीवर घेऊन आलो. गाडीत एका म्हातारीने केस पाहून विचारले, रानचं हाय का गा? मी म्हणालो, होय. तिने हात जोडले. असा त्या केसांचा मान होता.

दुपारी अंगणात टोपली उतरवली तोच गणपत आला. हे नीट लिहा, मास्तर, सावकाश लिहा. तो दारातून वाकून आत आला, त्याने कातडे हातात घेतले, केसांवरून उलटा तळवा फिरवला आणि म्हणाला, वा गा बापू, अस्सल माल आनला. मग म्हणाला, याचे चार केस घेतो, मागाच्या फणीत धूळ बसते, ती झाडाले कुंची करतो. आणि त्याने मानेकडचे लांब केस मूठभर उपटून घेतले, धोतराच्या सोग्याला बांधले, आणि गेला. तेव्हा अंगणात मी होतो आणि भागा होती. तिसरे कोणी नव्हते.

तो गेल्यावर भागा म्हणाली, हे कातडं दारच्या लिंबाच्या फांदीले टांगून ठेवते, उद्या पंगत उठेपर्यंत राहू द्या. मी नको म्हणालो. मी कोण? कचेरीतला माणूस, शुभ्र धोतर, दारात केसाळ कातडे लोंबते आहे हे मला बरे दिसेना. शिवाय त्या कातड्याला चरबी होती, आणि भाजून खरवडले की त्याची चव काही और लागते. मी म्हणालो, सगळे भाज, एक केस पानात सापडता कामा नये. ती म्हणाली, अवो, काहून जाळता, राहू द्या न. मी म्हणालो, पंच स्वतः पाहून गेला आहे, आता आणखी कोणाला दाखवायचे? तिने ज्वारीचा कडबा पेटवला आणि त्यावर ते कातडे धरले. केस चरचरले, अंगणभर करपट वास सुटला, मग तिने सुरीने खरवडून, गरम पाण्याने धुऊन, पिवळेधमक केले. अस्सल कागद जवळ ठेवा म्हणून जगाला सांगणाऱ्याने आपला अस्सल कागद आपल्या हुकुमाने जाळला.

त्या संध्याकाळी तिने मांसाला हळद-मीठ लावून वाफवून ठेवले. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आंबट ताकात भिजवले, कच्ची पपई वाटून चोळली. रानडुकराचे मांस चिवट, लालभडक, त्याला घाई चालत नाही. तिने बाभळीच्या लाकडावर, जवसाच्या तेलात, भिवापुरी मिरची, धने, खसखस, सुके खोबरे, दगडफूल, सगळे वेगवेगळे भाजून, पाट्यावर वाटून, वर ज्वारीचे भाजलेले पीठ लावून दाटपणा आणला, आणि पंगत बसेपर्यंत मंद आचेवर ठेवले. पाणी घातले ते गरमच घातले. मी सांगतो, हाडापासून मांस बोटाने सुटत होते.

हाच तिचा गुन्हा ठरला.

पंगत बसली. गिरणीतली पोरे पहिल्या ओळीत होती आणि त्यांच्या आया त्यांना वाढत होत्या, हे पाहून मला काय वाटले ते मी आज सांगू शकत नाही. गणपतने दोनदा मागून घेतले. तेवढ्यात उमरेडचे पाहुणे बोटे चाटत मोठ्याने म्हणाले, झ्याक झालं वं वहिनी, पन रानडुक्कर अन् इतकं मऊ? आमच्याकडं तं खाता खाता दात हालते. हे तं कामठीचंच दिसते! सगळे हसले, मीही हसलो. पदराआड भागासुद्धा हसली. थट्टाच होती ती, मी आजही म्हणतो की थट्टाच होती. पण थट्टेतले बी गणपतने उचलले आणि चार दिवसांत त्याचे झाड केले.

रंगपंचमीच्या आधीच गल्लीत बोलले जाऊ लागले, की बापूने मांस सुंदराकडून आणले. सुंदरा म्हणजे कामठीच्या वाटेवर डुकरे पाळणारी बाई. होळीच्या दिवशी ती आमच्या गल्लीत पोळी मागायला आलेली लोकांनी पाहिली होती. तेवढे पुरले. मी पंचांपुढे उभा राहिलो. गणपत वर बसलेला. म्हणाला, बापू, तू तं कायद्याचा मानूस, पुरावा दाखव न गा, कातडं कुठं हाय? मी म्हणालो, कातडे भाजून रांधले, आणि ते भाजण्याआधी तू स्वतः हातात घेतले होतेस, त्याचे केस तू उपटून नेलेस. तो माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला, मी? मी कवा आलो होतो तुह्या अंगनात?

मास्तर, मी शेकडो खोट्या साक्षी ऐकल्या आहेत. खोटे बोलणारा बहुधा खाली पाहतो. तो खाली पाहत नव्हता.

मी भागाची साक्ष पुढे केली. पंच म्हणाले, बायको नवऱ्याचंच बोलन. मी म्हणालो, सावनेरहून दौलतला आणतो. ते म्हणाले, विकनारा आपला माल खोटा म्हनन का कधी? आणि मग ते उमरेडच्या पाहुण्यांचे वाक्य, मांस मऊ होते. सगळ्यांनी खाल्ले होते, सगळ्यांना ठाऊक होते की मऊ होते. माझ्या बायकोच्या हाताची चव तिच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. पंगतीतल्या लोकांना अजाणता खाल्ले म्हणून गोमूत्राचा थेंब आणि सुटका. आम्हांला हुक्का बंद, पाणी बंद, चूल बंद.

त्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो, मला दम लागतो. विहिरीवर भागा सगळ्यांच्या मागून जाऊ लागली. मुलगी उमरेडला दिली होती. ती वर्षातून एकदा येई, ओट्यावर बसे, आईच्या हातचे पाणी न पिता उठून जाई, कारण सासरच्यांनी बजावलेले. आणि लग्नघरांतून मसाल्याचा वास येऊ लागला की भागा घरात बसून म्हणे, खोबरं जळालं त्यांचं. बस, एवढेच म्हणे. मी मात्र लिहीत राहिलो. दर धुळवडीला पंचांना एक पत्र, नक्कल जवळ ठेवून. वर्तमानपत्राला पत्रे. साहेबाला अर्ज, त्याचे उत्तर आले की जातीच्या बाबतीत सरकार हात घालीत नाही. कशाला घालील? सरकार थोडेच आमच्या पंगतीत जेवले होते?

या माघात गणपतचा मुलगा वामन माझ्याकडे आला. चांगला पोरगा, माग चालवतो. ओट्यावर बसला, म्हणाला, बापू, आता जुनं झालं सारं. आबा खाटेवर पडले हायत. नवे पंच म्हनते का एक पंगत द्या, चूक झाली म्हना, अन् मोकळे व्हा. मी तोंड उघडणार तोच माझ्या मंद डोळ्यांनाही त्याच्या कानावर काही खोचलेले दिसले. मी विचारले, काय आहे रे ते? तो म्हणाला, कुंची हाय, फणी साफ कराची. मी हातात मागून घेतली. काळे, राठ, वीतभर लांब केस, टोकाला फुटलेले, दोऱ्याने गच्च बांधलेले. मी विचारले, कशाचे केस? तो सरळ मनाने म्हणाला, रानडुकराचे न. आबानं केली होती मी लहान असताना, अजून एक केस गळाला नाही. तुमच्याच घरून आनले होते म्हनत होते.

आतून भागा बाहेर आली. म्हणाली, ऐकलं का, अवो. आणि उंबरठ्यावर बसली. मी तिच्याकडे पाहिले नाही, मला धीर झाला नाही. वामनला काही कळले नाही. त्याने कुंची कानावर खोचली आणि माग अडला आहे म्हणून गेला.

त्यानंतर तिने मला सांगितले, की आता देऊन टाका पंगत, चूक झाली म्हना का काही म्हना, मी थकली. मले फक्त एकदा रांधू द्या, पोरीनं माह्या हातचं खाऊ द्या. तुमची पत्रं वाचून कोनाचं पोट भरलं? मी म्हणालो, मी न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणार नाही. तेव्हा ती म्हणाली, मंग केलेल्याची द्या. सुंदराची.

ती गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. रंगपंचमीच्या सकाळी, पंच बसण्याआधी, सुंदरा माझ्या दारी आली होती. नालीच्या पलीकडे उभी राहून म्हणाली, बापू, माह्यं नाव घेऊन राहिले म्हनते. मी येते पंचाइतीत. माही डुकरं पाहून घ्या म्हना, पोळ्याच्या सनापासून एक कापलं नाही. माह्या घरून तुमच्या घरी बोटीभर मटन गेलं नाही, मी देवाची आन घेऊन सांगते. तिच्यासारखा साक्षीदार मला मिळाला नसता. ज्याच्यावर विक्रीचा आरोप, तोच स्वतःहून येऊन नाही म्हणतो आहे. आणि मी तिला काय म्हणालो? मी म्हणालो, बाई, तू येथून जा. तू माझ्या बाजूने बोललीस तर लोक म्हणतील, यांचे हिच्याशी येणे-जाणे आहे. ती म्हणाली, मंग खरं कोन सांगन गा? आणि गेली. चुलीपुढे भागाने फुंकणी खाली ठेवली, तो आवाज मला अजून ऐकू येतो. सुंदराच्या तोंडून निघालेले खरे मला विटाळाचे वाटले, मास्तर. ज्या कायद्याने मला मारले, तोच मी तिच्यावर चालवला, आणि माझ्या हुकुमाने चालवला, गणपतच्या नव्हे.

तर तिसरे नाव माझे लिहा.

आता मागणी लिहा, आणि याच्या दोन नकला काढा, एक गणपतला द्या, एक देवळाच्या भिंतीला लावा. पंगत मी देईन, येत्या धुळवडीला, आणि भागा रांधील, मांस सावनेरचेच असेल आणि कातडे लिंबाला टांगलेले राहील. पंगत बसण्याआधी सुंदरा तेथे उभी असेल. ती म्हातारी झाली आहे, पण बाजारात दिसते, मी तिच्या दारी जाऊन तिला बोलावीन, नालीच्या पलीकडून नव्हे. सर्वांसमोर मी आधी बोलेन, की मी हिची खरी साक्ष दारातून परत पाठवली, ती चूक माझी आणि ती झाली. त्यानंतर गणपत, तुला खाटेवरून उठवत नसेल तर खाटेसकट आणू, माझा दुसरा काही आग्रह नाही. वामनच्या कानावरची कुंची हातात घे, केसांवरून उलटा तळवा फिरव, जसा तेव्हा फिरवला होतास, आणि चारचौघांत सांग की हे केस तू कोठून उपटलेस. दंड मागत नाही, माफी मागत नाही. एवढे एक वाक्य बोल, माझ्या बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग तिला वाढू दे.